पडसं बाळाचं, घाई घराची

मागच्या पावसाळ्यात फ्रिजचं दार पुसायला काढलं, तेव्हा लिंबं आणि कोथिंबिरीच्या डब्यामागून औषधाच्या सात बाटल्या निघाल्या. सगळ्या आमच्या नातीच्या. तिचं वय दोन वर्षं. तीन खोकल्याच्या, दोन तापाच्या, एक ॲलर्जीची, आणि एकीचं लेबल ओघळांनी इतकं चिकट झालं होतं की ती कशाची हे कुणालाच सांगता येईना. प्रत्येकीत निम्मं औषध शिल्लक. म्हणजे दरवेळी बाटली संपायच्या आत पडसं बरं झालं होतं आणि श्रेय बाटलीला गेलं होतं.

त्या दिवसापासून मी या विषयावर जे हाताला लागेल ते वाचायला लागले. डॉक्टर मंडळींना प्रश्न विचारून भंडावलं. स्वतःच्या दोन मुलांची पडशी मी काढली आहेत, त्यामुळे आपल्याला यातलं सगळं कळतं अशी समजूत होती. ती बरीचशी मोडली, थोडी टिकली.

आधी आकडा बघा. पाच वर्षांखालच्या मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा पडसं होणं यात काही वावगं नाही. पाळणाघरात किंवा बालवाडीत नुकतंच जाऊ लागलेलं मूल असेल तर दहा-बारा वेळासुद्धा. एकेक पडसं आठ-दहा दिवसांचं धरलं तर वर्षाचे दोन-अडीच महिने नाक पुसण्यातच जातात. त्यातले बहुतेक दिवस पावसाळ्यात आणि थंडीत एकवटतात, म्हणून आईला वाटतं की हिची सर्दी हटतच नाही. मग प्रतिकारशक्तीची शंका, मग ती वाढवण्याची पावडर. खरं तर शरीराची शिकवणी चालू असते. एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून जास्त प्रकार आहेत. शिवाय आरएसव्ही, ॲडेनो, पॅराइन्फ्लुएन्झा आणि 2020च्या आधीपासून आपल्यात नांदणारे साधे कोरोना. एकाशी ओळख झाली म्हणून दुसरा सोडत नाही.

आता भिजण्याचं. 'पावसात नेलीस ना, घे आता' हे वाक्य मी सुनेला ऐकवलेलं आहे. इंग्लंडमध्ये सॅलिसबरीजवळ 1946 ते 1990 या काळात फक्त पडशाचा अभ्यास करणारं एक केंद्र होतं. स्वयंसेवक तिथे राहायला यायचे, त्यांच्या नाकात विषाणूचे थेंब टाकले जायचे. काहींना आंघोळ घालून ओल्या अंगाने वाऱ्याच्या बोळात उभं केलं. त्यांना पडसं जास्त झालं नाही. त्यानंतर अर्धं शतक डॉक्टर सांगत राहिले की गारठ्याचा आणि पडशाचा संबंध नाही. 2005मध्ये कार्डिफमधल्या संशोधकांनी 180 जणांना घेऊन निम्म्यांचे पाय 20 मिनिटं गार पाण्यात ठेवायला लावले. पुढच्या चार-पाच दिवसांत गार पाण्यातल्यांपैकी 13 जणांनी पडशाची तक्रार केली, कोरड्या पायांच्या गटातल्या फक्त 5 जणांनी. म्हणजे मोजे घाला म्हणणारी आजी अगदीच चूक नव्हती. पण विषाणू पावसातून पडत नाही. तो मोठ्यांच्या हातांतून आणि मुक्यांतून येतो. शिंकत शिंकत भाचीला उचलून घेणाऱ्या मामाला कुणी काही बोलत नाही, पाऊस मात्र बदनाम होतो.

पडशाला स्वतःचं वेळापत्रक असतं आणि ते माहीत असलं की निम्मी घाबरगुंडी जाते. पहिल्या दिवशी शिंका, पाण्यासारखं नाक, विनाकारण किरकिर. दुसरा आणि तिसरा दिवस सर्वांत वाईट: नाक चोंदलेलं, अंगात कणकण, जेवणावर रुसवा. चौथ्या-पाचव्या दिवशी शेंबूड घट्ट होतो, पिवळा-हिरवा दिसतो. घर हादरतं ते इथे. 'इन्फेक्शन उतरलं वाटतं छातीत.' हा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या द्रव्यांचा असतो. नुसत्या रंगावरून अँटिबायोटिक सुरू करायचं कारण नाही. नाक आटोपल्यावर खोकला मागे राहतो आणि तो सगळ्यात चिवट. बहुतेक मुलांचा दोन-तीन आठवड्यांत जातो; दहातल्या नऊ मुलांचा 25 दिवसांच्या आत. पाचव्या दिवशी डॉक्टर बदलणाऱ्या आणि नव्या डॉक्टरांच्या औषधाने बाराव्या दिवशी गुण आला म्हणणाऱ्या घरांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

"आई, छाती वाजतेय हो हिची." रात्री दीडला सुनेने हाक मारली तेव्हा मी नातीच्या पाठीवर तळहात ठेवला. घरघर हाताला लागत होती. पण तिच्या नाकाशी कान नेला तर आवाज तिथे जास्त. एवढ्याशा अंगात नाक, घसा, छाती यांच्यात अंतर ते किती! नाकातला आवाज पाठीपर्यंत पोचतो. आमच्या डॉक्टरांनी नंतर युक्ती सांगितली: नाक मोकळं करा आणि पुन्हा हात ठेवून बघा. आवाज गेला तर छाती नव्हतीच. मूल शेंबूड गिळतं, खोकताना तो उलटीतून बाहेर पडतो, तेही एखाद्या वेळी चालायचंच. उलटीनंतर उलट ते शांत झोपतं.

नाक चोंदणं मात्र तान्ह्या बाळासाठी खरोखरीचं संकट असतं. पहिले काही महिने बाळ प्रामुख्याने नाकानेच श्वास घेतं, आणि दूध ओढताना तर तोंड गुंतलेलं असतं. दोन घोट, मग सोडून रडणं, पुन्हा दोन घोट. आईला वाटतं, दूध कमी पडतंय. इथे एकच उपाय मनापासून सुचवावासा वाटतो आणि तो दुकानातला सगळ्यात स्वस्त उपाय आहे: साध्या मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाईनचे थेंब. पाजण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन, तीन-तीन थेंब, मग मऊ सुती फडक्याची वात करून टिपणं. शोषून काढायचा रबरी फुगा हवाच असेल तर हलक्या हाताने आणि क्वचित, नाहीतर आतली त्वचा सुजून नाक आणखी चोंदतं. एडिंबरातल्या संशोधकांनी सहा वर्षांपर्यंतच्या 407 मुलांवर केलेला प्रयोग 2024मध्ये मांडला. त्यात थोडं जास्त खारं पाणी वापरलं होतं. थेंब घालणाऱ्या मुलांचं पडसं सरासरी सहा दिवसांत आटोपलं, बाकीच्यांचं आठ दिवसांत. पडशाच्या दुनियेत दोन दिवस ही मोठी कमाई आहे.

एक खबरदारी मात्र घ्या. त्याच फळीवर तशाच चिमुकल्या बाटलीत झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब असतात. ते नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात. मोठ्या माणसाला पाच मिनिटांत मोकळं वाटतं. तान्ह्या बाळाला त्याने गुंगी येऊ शकते, श्वास मंदावू शकतो. बाटलीवर 'सोडियम क्लोराइड' एवढंच लिहिलंय ना, हे चष्मा लावून वाचा.

आता आजीचा बटवा. मी स्वतःच आजी असल्यामुळे या बटव्याची उलटतपासणी जरा कडक केली.

ओव्याची पुरचुंडी माझ्या आईने मला शिकवली. जुन्या मऊ धोतराचा तुकडा, मूठभर ओवा, तव्यावर परतून घट्ट बांधायचा. आधी स्वतःच्या गालाला लावायचा आणि 'हं' म्हणत थांबायचं. गाल सहन करतो तेव्हा बाळाच्या छातीला. ओव्यात थायमॉल असतं, त्याचा वास चोंदलेल्या नाकाला बरा वाटतो. पडसं त्याने लवकर जात नाही. पण मांडीवर घेऊन पाठ शेकताना मूल निजतं, हे मी पाहिलेलं आहे. चटका बसणार नाही एवढं सांभाळलं तर पुरचुंडीला माझी हरकत नाही. हळदीचं दूध, वर्षावरच्या मुलाला दोन चमचे गवती चहाचं कोमट पाणी, मुगाचं कढण, भाताची पेज यांनाही नाही. पातळ आणि कोमट पोटात जातंय हेच त्यांचं औषधपण. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला यातलं काहीही नको. त्याला आईचं दूध, नेहमीपेक्षा जास्त वेळा.

अडुळशाची गोष्ट गमतीची आहे. कुंपणाला लावतात त्या अडुळशाच्या पानांत व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं. त्यावरूनच प्रयोगशाळेत ब्रोमहेक्सिन बनलं आणि त्याच घराण्यातलं अँब्रोक्सॉल आज कफाच्या निम्म्या बाटल्यांत सापडतं. म्हणजे झाडपाल्याला नाक मुरडणारे आणि सिरपला नावं ठेवणारे एकाच झाडाखाली भांडत असतात. साध्या पडशात लहान मुलाला या घराण्यातल्या कुणाचीच गरज नसते.

मध मात्र दुधारी. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाच्या रात्रीच्या खोकल्यावर अर्धा चमचा मध हा सगळ्या बटव्यातला सर्वांत कसाला उतरलेला उपाय आहे. 2007मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात दोन वर्षांवरच्या 105 मुलांवर तुलना झाली. झोपताना मध घेतलेली मुलं, काहीच न घेतलेल्यांपेक्षा कमी खोकली आणि बरी झोपली. खोकला दाबणारं डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे औषध 'काहीच न घेण्या'ला मागे टाकू शकलं नाही. पण वर्षाच्या आत मध नको म्हणजे नको. मधात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांचं आतडं त्यांना दाद देत नाही, तान्ह्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. बाळाचं रडणं क्षीण होतं, मान टाकली जाते, श्वासाचे स्नायू थकतात. हे दुर्मीळ आहे, पण घडलं तर अतिदक्षता विभागात नेण्यासारखं. आपल्याकडे जन्मल्याबरोबर मध चाटवतात, बाळगुटी मधात उगाळतात. गुटी द्यायचीच असा ज्या घराचा हट्ट असेल त्यांनी निदान मध तरी वगळावा. खरं तर सहा महिन्यांपर्यंत गुटीही नको, पण हे आमच्या पिढीला सांगणं म्हणजे भांडण ओढवून घेणं.

बटव्यातल्या ज्या वस्तू मी कायमच्या बाहेर काढल्या त्या अशा. नाकात तेल किंवा तूप सोडणं: ते श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतं आणि तेलाचाच निमोनिया होतो. ब्रँडीचे दोन थेंब: पुष्कळ सुशिक्षित घरांत अजून चालतात, बाळाच्या रक्तातली साखर उतरवतात. शेगडीवर वेखंड, लसणाच्या सालींची धुरी: ज्याच्या श्वासनलिका आधीच सुजल्या आहेत त्याला धूर देण्यात काय शहाणपण? कापूर: पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात. करोनाच्या काळात गळ्यात बांधलेल्या कापराच्या पोटल्या बालवाडीतल्या पोरांनी तोंडात घातल्याचं आठवतंय का? छातीला चोळायच्या मलमातही कापूर असतो, म्हणून दोन वर्षांखाली ते लावू नका असं खुद्द डबीवरच लिहिलेलं असतं. मोठ्या मुलालाही नाकाखाली, नाकात कधीच नाही. आणि वाफारा. उकळत्या पाण्याचं पातेलं, वर चादर, आत अडीच वर्षांचं हातपाय झाडणारं मूल. वाफेने पडसं लवकर बरं होतं असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. भाजलेली मुलं मात्र दर पावसाळ्यात रुग्णालयात येतात. न्हाणीघरात गरम पाणी सोडून दार लावून पाच मिनिटं मुलाला कडेवर घेऊन बसलं तरी तेवढाच आराम पडतो.

बटवा इथे मिटवते आणि औषधाच्या दुकानाकडे वळते. तिथला संवाद तुम्हीही ऐकला असेल. "लहान मुलाला सर्दी-खोकला आहे, काहीतरी द्या ना." "केवढं आहे?" "दीड वर्षाचं." "हे घ्या, अडीच-अडीच एमएल तीनदा." एवढ्यावर व्यवहार संपतो. वजन कुणी विचारलं नाही, ताप आहे का तेही नाही. खोक्यावर बारीक अक्षरांत चार औषधं असतात: शिंका थांबवणारं, नाक सुकवणारं, खोकला दाबणारं, कफ पातळ करून खोकल्यावाटे बाहेर काढणारं. शेवटची दोन एकमेकांच्या उलट कामाची आहेत, हे वाचून मला त्या बाटलीची कीव आली.

या मिश्रणांनी लहान मुलांचं पडसं लवकर बरं होतं असं दिसलेलं नाही. त्रास मात्र दिसला आहे: गुंगी, चिडचिड, छातीची धडधड. अमेरिकेने 2008मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना ही औषधं देऊ नका असं बजावलं. आपल्याकडे डिसेंबर 2023मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखाली वापरू नये असा इशारा लेबलवर छापायला सांगितला. 3 ऑक्टोबर 2025ला केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने आणखी स्पष्ट सांगितलं: दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं लिहून देऊ नयेत, आणि पाच वर्षांखाली सहसा टाळावीत.

हे पत्रक का निघालं ते विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात साध्या सर्दी-तापासाठी सिरप दिलेल्या मुलांची लघवी बंद होऊ लागली. मूत्रपिंडं निकामी झालेली मुलं उपचारासाठी नागपूरला आणली गेली. वीसहून जास्त मुलं दगावली, बहुतेक पाच वर्षांखालची. तामिळनाडूत बनलेल्या त्या 'कोल्ड्रिफ' सिरपच्या तपासलेल्या बॅचमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल 48.6 टक्के निघालं. चालण्याजोगी मर्यादा 0.1 टक्का. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही ती बॅच वापरू नका असा इशारा दिला. सिरप गोड आणि घट्टसर करायला जे द्रावण लागतं, त्याच्या जागी कारखान्यात वापरायचं स्वस्त विषारी द्रावण येतं. चवीला तेही गोड. हे पहिल्यांदा घडलं असतं तर गोष्ट वेगळी. 1937मध्ये अमेरिकेत याच विषाने शंभराहून अधिक माणसं मेली आणि तिथला औषध कायदा बदलला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1986मध्ये भेसळीच्या ग्लिसरीनने 14 रुग्ण गेले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. 2022मध्ये गांबियात सत्तरच्या आसपास मुलं गेली, सिरप भारतातलं. आणि मला सगळ्यात जास्त बोचतं ते हे की छिंदवाड्याच्या बाटलीत विष नसतं तरी ती बाटली त्या वयाच्या मुलांना द्यायची नव्हतीच. तिच्यात तेच क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन होतं, ज्यावर दोन वर्षं आधी इशारा छापायला सांगितला होता.

पडशात दुकानातून घ्यावं असं औषध एकच, आणि तेही ताप असला आणि मूल बेचैन असलं तर: पॅरासिटामॉल. नुसतं. दुसऱ्या कशात मिसळलेलं नाही. तापाचा आकडा उतरवायला ते द्यायचं नसतं, मुलाला बरं वाटावं म्हणून द्यायचं असतं. शंभर-एक ताप असून खेळणाऱ्या मुलाला धरून पाजायची गरज नाही. मात्रा वजनावर: दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन मात्रांत निदान चार ते सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. इथे एक खड्डा आहे आणि त्यात आमचं घर पडता पडता वाचलं. दहा किलोच्या मुलाची 150 मिलिग्रॅमची मात्रा थेंबांच्या बाटलीतून दीड एमएल होते, 250च्या सिरपमधून तीन, आणि 120च्या सिरपमधून सहाच्या वर. माझ्या मुलाने घाईत थेंबांच्या बाटलीतून सहा एमएल काढलं होतं. सुनेने हात धरला. चौपट मात्रा पोटात गेली असती. स्वयंपाकघरातला चमचाही मापाला वापरू नका. आमच्या घरातल्या तीन चमच्यांत तीन वेगळी मापं बसतात, मी मोजून पाहिलं. ॲस्पिरिन मुलांना नको. निमेसुलाइड तर 12 वर्षांखाली आपल्या देशात 2011पासून बंद आहे, तरी कुणाच्या ना कुणाच्या कपाटात निघतं. आणि ताप असताना कुंची, मोजे, स्वेटर, वर गोधडी हा थाट उतरवा. त्याने ताप आतच कोंडतो.

अँटिबायोटिकबद्दल जास्त लिहीत नाही. विषाणूवर ते चालत नाही, एवढं आता सगळ्यांना पाठ आहे, तरी मागच्या वेळची उरलेली पावडर पाणी घालून पुन्हा हलवली जाते. पाकिटावरची, 'चिठ्ठीशिवाय नको' असं सांगणारी लाल रेघ बघा आणि डॉक्टरांवर 'काहीतरी स्ट्राँग द्या' म्हणून दबाव आणू नका. नेब्युलायझरचंही तेच. दमा किंवा डॉक्टरांनी सांगितलेली घरघर असेल तर ते यंत्र मोलाचं आहे. साध्या पडशात रोज सकाळ-संध्याकाळ मास्क लावणं ही शहरी घरांतली नवी धुरी झाली आहे.

मग घरात बसून करायचं तरी काय? या प्रश्नाचं सर्वांत चांगलं उत्तर मला गडचिरोलीत सापडलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1980च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या खेड्यांत निमोनियाने मरणारी मुलं वाचवायचं मनावर घेतलं. पडसं आणि निमोनिया वेगळे ओळखायचे कसे? क्ष-किरण नाही, डॉक्टर नाही. जगभरच्या अभ्यासातून एक सोपी खूण पुढे आली होती: श्वासाची गती. गावच्या दाया ती मोजू शकतील का, हा प्रश्न होता, कारण बऱ्याच जणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते. म्हणून एक साधन बनवलं गेलं, 'ब्रेथ काउंटर'. त्यात एका मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या दोन ओळी: एक दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी, एक त्याहून मोठ्यासाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर निमोनिया, औषध सुरू करायचं. निरक्षर दाया हे अचूक करू लागल्या. या प्रयोगाचे निष्कर्ष 1990मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले: जिथे हे काम झालं त्या गावांत निमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांपेक्षा निम्म्याहून अधिक कमी.

लोकांना ही खूण माहीत नव्हती असं नाही. 'पोट उडतंय', 'बरगड्या ओढतंय', 'ल्हाक लागलीय', 'डब्बा झालाय' हे शब्द जुनेच आहेत. मेळघाटात अशा बाळाच्या पोटावर चटके देण्याची 'डम्मा' नावाची क्रूर रीत होती आणि ती पुरती गेलेली नाही. नजर बरोबर होती, दोष पोटाला दिला गेला. पोट उडतं, कारण फुप्फुसं धडपडत असतात.

हे मोजणं तुम्हाला आज रात्री करता येईल. मूल झोपलेलं किंवा शांत असू द्या. सदरा वर करा. मोबाइलवर साठ सेकंद लावा. तीस सेकंद मोजून दुप्पट करू नका, लहान मुलांचा श्वास थांबत-पळत चालतो. पोट एकदा वर जाऊन खाली आलं की एक. ताप असेल तर तो उतरल्यावर पुन्हा मोजा. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त, असा आकडा आला तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा. नातीची छाती वाजत होती त्या रात्री मी सुनेला शेजारी बसवून मोजलं, चौतीस आले. मग तिने मोजले, तेहेतीस. आम्ही दिवा मालवला.

आकडा कमी असूनही निघावं लागतं अशी लक्षणं आहेतच. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणं, कण्हणं, ओठ निळसर होणं. दूध किंवा पाणी अजिबात न घेणं, घेतलेलं सगळं उलटून टाकणं, सहा-आठ तासांत लघवी न होणं. झटका. हाक मारली तरी डोळे न उघडण्याइतकी सुस्ती. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरेनहाइटच्या वर कसलाही ताप, मग नाक गळत असो वा नसो. ताप तीन दिवसांपलीकडे टिकला, किंवा जाऊन पुन्हा उलटला, किंवा मूल कान धरून रडत राहिलं, तर त्याच दिवशी दाखवून या. आणि खोकला तीन आठवड्यांनंतरही हटला नाही तरी.

बाकीच्या शंका झटपट. कोमट पाण्याने आंघोळ चालते. केळं चालतं, दही चालतं; खाणारं मूल कशाने का होईना खातंय हे महत्त्वाचं. वर्षाच्या आतल्या बाळाच्या डोक्याखाली उशी नको, नाक चोंदलेलं असलं तरी. घरात सिगारेट, मच्छर कॉइल, चुलीचा धूर नको. स्वयंपाकाच्या धुराने मुलांच्या निमोनियाचा धोका जवळपास दुप्पट होतो. साध्या पडशासाठी लसीची तारीख पुढे ढकलू नका. न्यूमोकोकलची लस 2021पासून देशभर सरकारी केंद्रांत मोफत मिळते, आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना दरवर्षी फ्लूची लस द्यावी असं बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. फ्लूची लस खिशातून घ्यावी लागते, पण वर्षभराच्या सिरपांच्या पैशांत ती बसते. आमच्या सात बाटल्यांचा हिशेब मी करून पाहिला.

त्या बाटल्या आम्ही टाकून दिल्या. त्यांच्या जागी फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवला आहे. त्यावर नातीचं वजन, ते कधी केलं ती तारीख, घरात असलेल्या एकमेव पॅरासिटामॉलच्या बाटलीवरचा आकडा, त्यातून किती एमएल द्यायचं ते, आणि डॉक्टरांचा नंबर. तुमच्या घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर असा कागद आजच लिहा, आणि दर दोन महिन्यांनी वजन बदला.